बंदिवासातील सर्पप्रजनन : राउंड बेटावरील बोआच्या निमित्ताने

एखादी प्राणिजाती निसर्गात दुर्मिळ झाली, की तिचे काही नर व माद्या पकडून सुरक्षित जागी ठेवाव्यात, त्यांची पैदास करावी आणि वाढलेली संतती पुन्हा मूळ स्थानी सोडून द्यावी, हा उपाय वरकरणी इतका सरळ दिसतो की त्यामागील अडचणींचा विचार सहसा केला जात नाही. सस्तन प्राणी व पक्षी यांच्या बाबतीत या उपायाचा पुष्कळ उपयोग झालेला आहे. सरीसृपांकडे, विशेषतः सापांकडे, हे लक्ष फार उशिरा वळले. वाघ किंवा क्रौंच पक्षी नाहीसा होत असता लोक हळहळतात. साप नाहीसा होत असल्याचे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हिंदी महासागरातील राउंड बेटावर ‘बोआ’ या नावाने ओळखले जाणारे दोन साप होते. दोहोंचे बेट एक, शत्रू एक आणि संकटाचा काळही एकच. त्यांपैकी एक आज त्या बेटावर सुस्थितीत आहे. दुसरा १९७५ नंतर कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. एक का वाचला व दुसरा का गेला, आणि वाचलेल्याच्या बाबतीत बंदिवासातील पैदाशीचा वाटा नेमका किती, हे पाहिल्यास या उपायाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोहोंची कल्पना येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

१. ‘बोआ’ हे नाव

प्रथम नावाविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेतील सुप्रसिद्ध बोआ, वेस्ट इंडीज बेटांवरील बोआ, मादागास्करमधील बोआ आणि आपल्याकडील मांडूळ हे सर्व खऱ्या बोआंच्या वंशशाखेत मोडतात. हे साप बिनविषारी असून भक्ष्याला विळखा घालून मारतात. मागील पायांचे अवशेष यांच्यापैकी पुष्कळांत अवस्कराच्या दोन्ही बाजूंस लहान नखरांच्या रूपाने टिकून आहेत व ते बहुधा नरांत अधिक मोठे असतात. प्रजननाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या शाखेतील बहुसंख्य जाती अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देतात. मांडूळही पिलांनाच जन्म देतो. याउलट अजगर अंडी घालतो व अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते.

परंतु बहुसंख्य म्हणजे सर्व नव्हेत. अरबस्तानातील वाळूत राहणारा मांडुळाचा एक सगोत्र साप आहे. मस्कत येथे दीर्घकाळ वैद्यकीय अधिकारी असलेले आणि तेथील प्राण्यांचे नमुने जमविणारे आत्माराम जयकर यांच्या नावावरून बूलेंजर यांनी १८८८ मध्ये त्याला ‘एरिक्स जयकारी’ असे नाव दिले. हा साप मात्र अंडी घालतो. पिलांना जन्म देणाऱ्या पूर्वजांपासून पुन्हा अंडी घालणारी जात निपजू शकते काय, असा मोठा प्रश्न त्यामुळे उत्क्रांतिविज्ञानात उपस्थित झाला आणि २०१० मध्ये लिंच व वॅग्नर यांनी वंशवृक्षाच्या आधारे त्याचे उत्तर होकारार्थी दिले. सापाचे कुल माहीत असले म्हणजे त्याचे प्रजनन माहीत झाले असे धरून चालता येत नाही, एवढा बोध येथे पुरेसा आहे.

राउंड बेटावरील दोन्ही साप तर खरे बोआ नव्हेतच. त्यांचे बोलिएरिडी हे स्वतंत्र कुल आहे आणि त्या कुलात या दोनच जाती ज्ञात आहेत : केसेरिया डुस्सुमिएरी व बोलिएरिया मल्टोकॅरिनॅटा. यांच्या अंगी श्रोणीचे अवशेष नाहीत; त्यामुळे नखरांवरून नर-मादी ओळखण्याची बोआंच्या बाबतीतील नेहमीची खूण येथे उपयोगी पडत नाही. केसेरिया पिलांना जन्म न देता अंडी घालतो. या कुलाची सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचा जबडा. वरच्या जबड्याचे हाड पुढील व मागील अशा दोन भागांत विभागलेले असून ते भाग सांध्याने जोडलेले आहेत. असा सांधा दुसऱ्या कोणत्याही भूचर पृष्ठवंशी प्राण्यात आढळत नाही. गुळगुळीत व कठीण अंगाच्या सापसुरळ्या घट्ट धरून ठेवण्यास त्याचा उपयोग होत असावा असे मानले जाते. एक अखंड हाड क्रमाक्रमाने दोन कसे झाले असेल, मधल्या अवस्थेत त्याचा उपयोग काय असेल, हा प्रश्न फ्रॅझेटा यांनी १९७० मध्ये चर्चिला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी त्या कुलातील निम्म्या जाती, म्हणजे दोहोंपैकी एक, शेवटची दिसली. एका सापाबरोबर शरीररचनेचा एक संपूर्ण अध्याय कसा पुसला जाऊ शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

२. राउंड बेट

मॉरिशस हे नाव मराठी वाचकांना परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही तेथे राहतात. त्या मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटर अंतरावर राउंड बेट आहे. ते ज्वालामुखीजन्य असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस किलोमीटर व उंची सुमारे २८० मीटर आहे. केसेरियाचे अस्थी-अवशेष मॉरिशसच्या मुख्य भूमीवर सापडलेले आहेत. म्हणजे एके काळी हा साप तेथेही होता. जहाजांबरोबर आलेले उंदीर व इतर प्राणी यांमुळे तो तेथून नाहीसा झाला. राउंड बेटाचे कडे तुटलेले व उतरावयास कठीण असल्याने तेथे उंदीर कधीच पोचले नाहीत. केसेरिया, बोलिएरिया, टेलफेअरची सापसुरळी, गुंथरची पाल हे सर्व तेथे टिकून राहिले त्याचे कारण मुख्यतः हेच.

परंतु एकोणिसाव्या शतकात या बेटावर शेळ्या व ससे सोडण्यात आले. हे प्राणी साप खात नाहीत. त्यांनी जे खाल्ले ते वरवर पाहता निरुपद्रवी होते. त्यांनी रोपे खाल्ली. बेटाच्या वरच्या भागातील कठीण लाकडाच्या झाडांचे रान नष्ट झाले आणि ताडवर्गीय वृक्षांची जुनी झाडे उरली तरी त्यांची नवी रोपे जगेनात. मुळांचा आधार सुटताच चक्री वादळांतील पावसाने माती समुद्रात वाहून गेली व उतारावर उघडा खडक राहिला. पालापाचोळ्यात व भुसभुशीत मातीत घुसून राहणाऱ्या बोलिएरियाला राहावयास जागाच उरली नाही. केसेरिया अंशतः झाडांवर चढणारा असल्यामुळे उरलेल्या ताडांच्या पानांत व त्यांच्या बुंध्यांपाशी त्याला कसाबसा आसरा मिळाला. दोघांच्या दैवगतीतील फरक येथे सुरू झाला. एकाचा निवारा संपूर्ण गेला, दुसऱ्याचा काही अंशी शिल्लक राहिला.

३. प्रजननाच्या अटी

सापांची पैदास करणे म्हणजे एका पिंजऱ्यात एक नर व एक मादी ठेवणे नव्हे. सापांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असते आणि अंडाशय व वृषण यांच्या कार्याचा ऋतूंशी निकटचा संबंध असतो. पिंजऱ्यात वर्षभर एकसारखी ऊब ठेवली तर साप जगतात, खातात, वाढतातही. परंतु पुष्कळ जाती त्या स्थितीत प्रजनन करीत नाहीत. काही आठवडे रात्रीचे तापमान उतरविणे, प्रकाशाचा कालावधी कमी-अधिक करणे, आर्द्रता बदलणे, त्या अवधीत आहार थांबविणे आणि नंतर नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडणे, अशा रीतीने कृत्रिम ऋतुचक्र निर्माण करावे लागते. काही जातींत दुसऱ्या नराचे सान्निध्य व त्याच्याशी होणारी झुंज हीदेखील उत्तेजक ठरते.

मादीची तयारी हा दुसरा भाग होय. गर्भधारणेस लागणारे द्रव्य मादी आधीच चरबीच्या रूपाने साठविते. पिलांना जन्म देणाऱ्या बोआच्या मादीला कित्येक महिने गर्भ वाहावा लागतो आणि त्या काळात ती पुष्कळदा अन्न घेत नाही. यामुळे अनेक बोआंच्या माद्या दरवर्षी विऊ शकत नाहीत. एका विणीनंतर शरीर भरून येण्यास वर्ष किंवा अधिक काळ जातो. मादीला भरपूर खाऊ घालून हा कालावधी कमी करण्याचा मोह होतो; परंतु अतिस्थूल मादी हे निरोगी मादीचे लक्षण नव्हे. गरोदर मादीला ऊन व सावली यांपैकी हवी ती जागा निवडता आली पाहिजे. म्हणून पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊब व दुसऱ्या टोकाला गारवा ठेवणे, ही लहानशी वाटणारी व्यवस्था फार महत्त्वाची ठरते.

अंडी घालणाऱ्या जातींत उबवणीचे स्वतंत्र शास्त्र आहे. कोंबडी आपली अंडी उलटसुलट करीत असते. सापाच्या किंवा मगरीच्या अंड्याला मात्र ते घातक ठरते. अंडे घातल्यानंतर अल्पावधीतच गर्भ कवचाच्या आतील आवरणाला वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे फिरविल्यास गर्भ मरण्याचा संभव असतो. म्हणून अंडी उचलण्यापूर्वी त्यांच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करण्याची पद्धत आहे. अंड्याचे कवच पातळ चामड्यासारखे असल्याने आर्द्रता कमी पडली तर अंडे सुरकुतते व जास्त झाली तर त्यावर बुरशी धरते.

तापमानाचा परिणाम कोठवर जातो याचे मगरी हे उत्तम उदाहरण आहे. मद्रासच्या मगर-संवर्धन केंद्रात लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गोड्या पाण्यातील मगरीवर केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की २८ ते ३१ अंश सेल्सिअस या स्थिर तापमानात उबविलेल्या अंड्यांतून केवळ माद्या निघतात आणि ३२.५ अंशांवर केवळ नर निघतात. दीड अंशाच्या फरकाने संपूर्ण पिढीचे लिंग बदलते. उबवणपेटीचा तापमापक सदोष असेल, तर अनेक वर्षांच्या श्रमानंतर हाती एकाच लिंगाचे प्राणी येतील. सापांत लिंगनिश्चिती गुणसूत्रांनी होते. तेथे ही भीती नाही, तरी तेथील गुंतागुंत निराळ्या प्रकारची आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

४. जर्सी येथील प्रयोग

इंग्लिश खाडीतील जर्सी या बेटावर जेराल्ड डरेल यांनी १९५९ मध्ये प्राणिसंग्रहालय स्थापन केले. प्रेक्षकांची करमणूक हा त्याचा मुख्य हेतू नसून दुर्मिळ जातींची पैदास हा होता. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात डरेल व त्यांचे सहकारी मॉरिशसला गेले आणि राउंड बेटावरील सापसुरळ्या, पाली व केसेरिया यांच्यापैकी काही प्राणी त्यांनी जर्सीला आणले. बोलिएरिया त्यांना आणता आला नाही. त्यांचे प्रयत्न सुरू होईपर्यंत तो दिसेनासा झालेला होता.

केसेरियाची बंदिवासातील पहिली यशस्वी पैदास जर्सी येथे १९८२ मध्ये झाली. या सापाच्या प्रजननाविषयी त्यापूर्वी जवळजवळ काहीच माहिती नव्हती. तो रात्रिंचर आहे आणि चोवीस तासांत त्याच्या अंगाचा रंग बदलतो. दिवसा गडद व रात्री फिकट असा तो दिसतो. पिलांचा रंग प्रौढांहून निराळा, तांबूस-नारिंगी असतो. या गोष्टी जवळून पाहण्याची संधी बंदिवासामुळेच मिळाली.

खरी अडचण मात्र अंडी फुटल्यानंतर आली. सापांच्या संगोपनात पिलांना उंदरांची नवजात पिले देण्याचा प्रघात आहे. ती सहज मिळतात व पौष्टिक असतात. परंतु ज्या बेटावर उंदीर कधी नव्हताच, तेथील सापाच्या पिलाला उंदीर हे भक्ष्य म्हणून ओळखता येण्याचे कारण नाही. केसेरियाचे नैसर्गिक भक्ष्य म्हणजे पाली व सापसुरळ्या. त्यामुळे सापांची पैदास करावयाची तर त्यांच्या पिलांसाठी पालींचीही व्यवस्था पाहणे आले. एका जातीचे संवर्धन म्हणता म्हणता तिच्या भक्ष्याच्या संवर्धनापर्यंत येऊन पोचावे लागते. पिंजऱ्यात जे आढळले तेच पुढे मोकळ्या बेटावरही खरे ठरावयाचे होते.

५. परत सोडण्याचा प्रश्न

दरम्यान राउंड बेटावर निराळे कार्य चालू होते. शेवटच्या शेळ्या १९७९ मध्ये काढून टाकण्यात आल्या व १९८६ मध्ये न्यूझीलंडमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने ससे समूळ नाहीसे करण्यात आले. त्यानंतर ताडांची रोपे जगू लागली, पाचोळा साठू लागला आणि सापसुरळ्यांची संख्या वाढली. भक्ष्य वाढल्यावर केसेरियाही वाढला. पूर्वी अत्यल्प उरलेल्या या सापाची संख्या एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात १,००० च्या आसपास पोचल्याचा अंदाज करण्यात आला. नाहीशा झालेल्या महाकाय कासवांचे काम करावे म्हणून २००७ मध्ये बेटावर इतर ठिकाणच्या जातींची कासवे सोडण्यात आली, इतका या पुनर्रचनेचा विस्तार होता.

पुढील पाऊल दुसऱ्या बेटाचे. सर्व साप एकाच बेटावर असणे धोक्याचे होते. एखादे चक्री वादळ किंवा नावेतून उतरलेले उंदरांचे एक जोडपे सर्वनाशास पुरेसे झाले असते. म्हणून गनर्स क्वॉइन या बेटाची निवड झाली. तेथील उंदीर १९९५ मध्ये काढून टाकण्यात आले होते. २००६-०७ मध्ये तेथे टेलफेअरची सापसुरळी सोडण्यात आली. आणि तिचा जम बसल्यावर २०१२ मध्ये ६० केसेरिया नेऊन सोडण्यात आले. आधी शत्रू हटविला, मग भक्ष्य आणले, शेवटी साप आणला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. हे ६० साप जर्सीच्या पिंजऱ्यांतून आलेले नव्हते. ते राउंड बेटावरूनच पकडून नेलेले होते.

याचा अर्थ जर्सी येथील प्रयोग व्यर्थ गेला असा करणे चुकीचे होईल. ज्या वर्षांत बेटावरील सापांचे काय होणार हे कोणालाही सांगता येत नव्हते, त्या वर्षांत ही जात समूळ नष्ट होऊ नये याची एक हमी जर्सीत होती. पैदाशीमुळे सापाविषयीचे ज्ञान मिळाले आणि सापासाठी बेट दुरुस्त करावे इतके महत्त्व लोकांच्या मनात त्याला प्राप्त झाले. परंतु साप वाढविले ते पिंजऱ्याने नव्हे, बेटाने.

बंदिवासात जन्मलेले साप प्रत्यक्ष सोडल्याचे उदाहरण वेस्ट इंडीजमध्ये सापडते. व्हर्जिन बेटांचा बोआ, चिलाबोथ्रस ग्रांटाय, हा सडपातळ व रात्रिंचर साप झाडांच्या फांद्यांवर झोपलेले ॲनोल सरडे पकडून खातो. अमेरिकेतील टोलीडो येथील प्राणिसंग्रहालयात पीटर टॉल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची पैदास करण्यात आली. पोर्टो रिकोच्या पूर्वेकडील कायो रातोनेस या लहानशा बेटावरील उंदीर १९८५ मध्ये नष्ट करण्यात आले होते. तेथे १९९३ ते १९९५ या काळात बंदिवासात जन्मलेले ४१ बोआ सोडण्यात आले. ते जगले, त्यांना संतती झाली व त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. बंदिवासात जन्मलेला साप निसर्गात जगू शकतो, हे यावरून निःसंशय सिद्ध झाले. परंतु कायो रातोनेस या स्पॅनिश नावाचा अर्थच मुळी ‘उंदरांचे बेट’ असा आहे, आणि पुढील काळातील पाहण्यांत तेथे उंदीर पुन्हा आढळून आले. एकदा मिळविलेले यश राखण्यासाठी सतत पहारा लागतो. पैदाशीचा प्रकल्प संपतो. पहाऱ्याला शेवट नसतो.

भारतातील घडियालाचा, म्हणजे सुसरीचा, अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मगर-संवर्धन योजनेत घडियालाची अंडी नदीकाठच्या घरट्यांतून आणून उबविण्यात आली, पिले वाढविण्यात आली व हजारोंच्या संख्येने नद्यांत सोडण्यात आली. ओरिसातील नंदनकानन येथे १९८० मध्ये या प्राण्याची बंदिवासातील पहिली पैदास झाली. त्यासाठी नर फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणावा लागला होता. इतके करूनही २००७ मध्ये घडियालाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली आणि २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळ नदीत शंभरावर घडियाल मेलेले आढळले. नदीवरील धरणे, वाळूचा उपसा व मासेमारीची जाळी कायम असता केवळ प्राणी सोडत राहणे हे गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे होते.

६. संततीचे मूल्य

बंदिवासात जन्मलेल्या पिलांची नुसती संख्या मोजून त्यांचे मूल्य ठरत नाही. आरंभी पकडलेले प्राणी मोजके असतात आणि पुढील सर्व पिढ्यांना जनुकांचे भांडवल त्यांच्याकडूनच मिळावयाचे असते. एखादे जोडपे सहज प्रजनन करते व दुसरे करीत नाही. तेव्हा पहिल्याचीच संतती वाढू देणे हा सोपा मार्ग असतो. परंतु काही पिढ्यांतच सर्व प्राणी एकमेकांचे निकट आप्त होतात व अंतःप्रजननाचे दोष दिसू लागतात. म्हणून प्रत्येक प्राण्याची वंशावळ नोंदवहीत ठेवून, ज्याचे आप्त कमी त्याला प्रजननात अग्रक्रम देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. हौसेने व व्यापारासाठी केलेल्या पैदाशीची दिशा बरोबर उलट असते. तेथे पांढरा, पिवळा किंवा विचित्र नक्षीचा साप अधिक किमतीला विकला जातो. त्यामुळे निसर्गात क्वचित आढळणारा दोषच निवडून वाढविला जातो.

वंशावळीलाही एक अनपेक्षित धक्का बसला आहे. २०१० मध्ये बूथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोआच्या एका मादीची दोन विणींतील २२ पिले तपासली. मादीसमवेत नर होते, तरी एकाही पिलात पित्याचा जनुकीय अंश आढळला नाही आणि सर्व पिले माद्या होत्या. म्हणजे ही पिले अनिषेकजननाने झालेली होती. त्या वेळी सर्व सापांत पक्ष्यांप्रमाणे मादीचीच लिंगगुणसूत्रे भिन्न असतात असा समज असल्याने या पिलांची गुणसूत्रे अत्यंत विलक्षण असली पाहिजेत असा निष्कर्ष काढण्यात आला. परंतु २०१७ मध्ये गॅम्बल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोआ व अजगर यांत माणसाप्रमाणे नराची लिंगगुणसूत्रे भिन्न असतात असे दाखविले. तसे असेल तर पित्याविना झालेली पिले माद्या असणे हेच स्वाभाविक ठरते. प्रजनन-प्रकल्पाच्या दृष्टीने यातील तात्पर्य असे, की पिंजऱ्यात नर होता म्हणून तोच पिता, असे नोंदवहीत लिहिणे पुरेसे नाही.

रोगाचा प्रश्नही याच सदरात येतो. निरनिराळ्या खंडांतील साप एका छताखाली ठेवले म्हणजे त्यांच्या रोगांचीही देवाणघेवाण होते. बोआ व अजगर यांना मारणाऱ्या एका असाध्य रोगाच्या मुळाशी एरिना गटातील विषाणू असल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. बोआ हा विषाणू वरवर निरोगी दिसत असता दीर्घकाळ बाळगू शकतो. असा एक साप बेटावर सोडला, तर ज्यांना वाचवावयाचे त्यांच्यावरच नवे संकट आणल्यासारखे होईल.

७. पैदास आणि व्यापार

दुर्मिळ साप बंदिवासात निपजू लागले म्हणजे जंगलातील सापांना कोणी हात लावणार नाही, असे मत कधी कधी मांडले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे : पैदाशीचा खर्च आणि तपासणीची काटेकोरता. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधी १९७३ मध्ये झालेल्या करारानुसार बंदिवासात निपजलेल्या प्राण्यांना व्यापारात सवलत मिळते. इंडोनेशियातून अशा दाखल्यानिशी निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांची लायन्स व नातुश यांनी पाहणी केली. त्यांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले होते, असा त्यांचा २०११ मधील निष्कर्ष आहे. पैदासकेंद्र हे केवळ कागदावरचे नाव होते. रानातला साप तेथून बाहेर पडताना ‘बंदिवासात जन्मलेला’ होऊन बाहेर पडत असे. यावर उपाय म्हणून प्रत्येक पिलामागे त्याच्या अंड्याचे कवच पुरावा म्हणून सादर करण्याची सूचना पुढे आली. अजगराच्या बाबतीत ती युक्त आहे. पिलांना जन्म देणाऱ्या बोआच्या मागे मात्र कवच राहत नाही. तेथे आनुवंशिक परीक्षेवाचून दुसरा पुरावा नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न मांडुळाच्या रूपाने उभा आहे. शेपूट तोंडासारखी बोथट असल्याने ‘दुतोंड्या’ म्हणून ओळखला जाणारा हा निरुपद्रवी साप शेतातील उंदीर खातो. गुप्तधन मिळवून देण्याचे व रोग बरे करण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असल्याच्या समजुतीपायी तो पकडला जातो, वजनावर त्याची किंमत केली जाते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई असूनही त्याची चोरटी विक्री होते. येथे पैदाशीचा उपाय लागू पडणार नाही. मागणी सापाची नसून चमत्काराची आहे, आणि पिंजऱ्यात कितीही मांडूळ निपजले तरी ती भागणारी नाही. रोग जेथे असेल तेथेच औषध द्यावे लागते.

८. समारोप

वरील विवेचनावरून बंदिवासातील पैदाशीचे स्थान निश्चित करता येते. ती वेळ मिळवून देते. जातीचा नाश टळावा, तिची जीवनपद्धती समजावी आणि मूळ निवासस्थान दुरुस्त होईपर्यंत तिचे बीज टिकावे, यासाठी तिच्याइतका खात्रीचा मार्ग अनेकदा दुसरा नसतो. परंतु मिळालेला वेळ कशासाठी वापरला यावर पुढचे सर्व अवलंबून असते. राउंड बेटाच्या बाबतीत तो शेळ्या व ससे काढण्यासाठी वापरला गेला, म्हणून केसेरिया आज पुन्हा बेटाचा रहिवासी आहे. चंबळच्या बाबतीत तो तितकासा वापरला गेला नाही.

बोलिएरियाविषयी मात्र हा सर्व विचार उशिरा सुरू झाला. त्याचे काही नमुने संग्रहालयांत द्रवात बुडविलेले आहेत. तो काय खात असे, अंडी घालीत असे की पिलांना जन्म देत असे, हे निरीक्षणाने कोणालाही सांगता आलेले नाही. १९७५ मध्ये शेवटचा बोलिएरिया दिसला तेव्हा शेळ्या जाण्यास चार वर्षे व ससे जाण्यास अकरा वर्षे उरली होती. तेवढा अवकाश एखाद्या पिंजऱ्याने त्याला मिळवून दिला असता की नाही, हे आता ठरविता येणार नाही. पुढच्या जातीच्या बाबतीत तो हिशेब वेळेवर मांडणे एवढेच हाती राहते.